गुमेदेंच्या घराचा चढ

“धरलंस घट्ट?”

“धरलं.”

“गळा नको धरू गं, खांदे धर. गळा धरलास तर तू शाळेत पोचायच्या आधी मी वरती पोचेन.”

आझांदे पाठीवर खुदकन हसली आणि तिच्या हसण्याने दोघींचाही तोल किंचित हलला. माशेझीने ब्लँकेटची टोकं छातीवर ओढून गाठ मारली, कमरेतून वाकून लेकीला जरा वर सरकवलं आणि अंगणातून चढाकडे निघाली. आझांदे बाळ होती तेव्हा या ब्लँकेटात तिचे इवलेसे तळवे तेवढे दोन्हीकडून बाहेर डोकावायचे. आता तिचे पाय आईच्या पोटऱ्यांपर्यंत लोंबत होते. बूट दर पावलाला आपटायचे.

वरच्या रस्त्यावर शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला.

“मकोटी, उचल पाय,” स्वयंपाकघराच्या दारातून सासू म्हणाली. तिला सगळे गोगो, म्हणजे आजीच म्हणायचे, सूनसुद्धा. हातात चहाचा पत्र्याचा मग होता. सुनेला ती नव्या नवरीसारखी मकोटीच म्हणायची, मग त्या नवरीचे केस का पिकेनात. “तो पोरगा भोंगा वाजवून सगळ्या क्लेरमाँटला उठवतोय. उद्या लोक मलाच विचारतील, तुमच्याकडे कोण गेलं म्हणून.”

गुमेदेंचं घर रस्त्याच्या खाली होतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला फक्त पत्र्याचं छप्पर आणि धुराडं दिसायचं. घर आणि रस्ता यांच्यामध्ये होता तो चढ. सिमेंटचा, मोटार जाईल एवढा रुंद आणि असा उभा, की पहिल्यांदा येणारा माणूस वर थांबून आधी हाकच मारायचा, “कुणी आहे का? की मीच यायचं?” त्याच्यावरून बाजाराच्या पिशवीतले कोबी घरंगळत आधी घरी पोचायचे आणि बाजार करणारी मागून. गल्लीतल्या पोरांचा चेंडू हमखास इथेच यायचा. आझांदेला शाळेने चाकाची खुर्ची दिली तेव्हा तिच्या बापाने मोठ्या हौसेने ती वरून खाली आणून बघितली. खुर्ची त्याच्या हातातून सुटली आणि एकटीच खाली येऊन कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली. तेव्हापासून खुर्चीचा मुक्काम शाळेच्या व्हॅनमध्ये.

माशेझी चढ सरळ कधी चढत नसे. या भिंतीकडून त्या भिंतीकडे, तिरकं तिरकं. निम्म्यावर अवोकाडोचं झाड भिंतीवर रेललं होतं. तिथे खोडाला हात टेकून ती श्वास घ्यायची, आणि ‘दमलीस?’ असं आझांदेने विचारायच्या आधीच ‘चला’ म्हणून निघायची.

त्या शुक्रवारी दव फार होतं. झाड मागे टाकलं आणि पायाखाली एक ओलं पान आलं.

पडताना तिने एवढंच पाहिलं की पाठ वर राहिली पाहिजे. दोन्ही गुडघे, दोन्ही हात सिमेंटवर आपटले. पाठ मात्र तिने टेबलासारखी सपाट धरली, आणि त्या टेबलावर आझांदे होती तशी राहिली. पण तोंड आवरायला तिसरा हात नव्हता.

“दुमेझवेनी! कसला मेला चढ करून ठेवलास हा!”

आवाज समोरच्या टेकडीवर जाऊन परत आला. झाडावरचे हदेदा पक्षी कर्कश ओरडत उडाले.

दुमेझवेनी हे तिच्या सासऱ्याचं नाव. लग्न होऊन या घरात आल्यापासून ते एकदाही तिच्या जिभेवर आलं नव्हतं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तो जिवंत असताना नाही आणि गेल्यावर तर नाहीच. त्या नावाच्या अर्थातच ढगांचा गडगडाट होता, म्हणून पावसाळी आभाळ गडगडलं तरी माशेझी ‘वरती भांडी पडली’ म्हणायची. आणि आज, त्याच्याच हाताने केलेल्या चढावर, गुडघे टेकून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ती त्याला नावाने ओरडली होती.

“मा,” आझांदे तिच्या कानात हळूच म्हणाली, “तू आजोबांना शिवी दिलीस.”

“गप्प बस.”

“गोगोने ऐकलं.”

“गप्प बस म्हटलं ना.”

व्हॅनचा ड्रायव्हर म्लुंगिसी चाकाला दगड लावून धावत खाली आला. एरवी त्याला गाडीतली बाकीची मुलं सोडून उतरता येत नसे. त्याने ब्लँकेट सोडवून आझांदेला उचललं.

“लागलं का हो, माशेझी?”

“गुडघ्यांना थोडं. जिभेला जास्त.”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “मॅट्रनबाई विचारत होत्या. शाळेच्या वसतिगृहात आझांदेसाठी जागा झालीय, सोमवारपर्यंत काय ते सांगा म्हणाल्या. माझ्याजवळ सांगितलंत तरी चालेल.”

“ठाऊक आहे, भुती,” ती भावाला म्हणावं तशी म्हणाली आणि स्कर्टवरची माती झाडू लागली. तिथे माती नव्हतीच.

खाली येईपर्यंत गोगोने मिठाचं कोमट पाणी तयार ठेवलं होतं. ठेवलं म्हणजे आपटलं. निम्मं सांडलं. माशेझीने गुडघे धुतले. गोगो खिडकीतून बाहेर बघत बसली. शेवटी खिडकीलाच म्हणाली, “उद्या इम्पेफोचा धूप जाळायचा. सासऱ्यांसमोर बसून तुझ्या तोंडाने सांगायचं, काय बोललीस ते.”

“हो, गोगो.”

“मीही चढले हा चढ. पोटुशी असताना चढले, डोक्यावर मक्याचं पोतं घेऊन चढले. गल्लीला ऐकवलं नाही कधी.”

माशेझी शिवणयंत्रावर जाऊन बसली. शाळांचे गणवेश शिवायचं काम ती घरीच करायची, लेक घरी येईल तेव्हा आपण घरी असावं म्हणून. त्या दिवशी तिने एका सदऱ्याला दुसऱ्याच मापाची बाही जोडली आणि उसवली. पुन्हा तीच जोडली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. बेकानी रिचर्ड्स बेच्या बंदरावर कोळशाच्या धक्क्यावर होता, महिन्यातून एकदा यायचा.

“आई म्हणाली, पडलीस.”

“घसरले. पडले नाही.”

“माशेझी, ऐक माझं. उद्या तुझी कंबर मोडली तर तुम्हा दोघींना कोण उचलणार? मी इथे. आईचं ते तसं. वसतिगृहात सपाट आहे सगळं. पोरीला खुर्चीवरून हवं तिथे फिरता येईल. सुट्टीत येईलच की घरी.”

“कापसासारखी आहे ती. मला काही होत नाही.”

“पूर्वी होती कापसासारखी.” तो जरा थांबला. “मला काय बरं वाटतंय का?”

त्याचं खरं होतं, म्हणूनच तिला त्याच्यावर चिडताही येईना.

आझांदेच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. हात मात्र असे, की मळलेल्या कणकेच्या गोळ्याला तिने एक गुद्दा घातला की गोगो म्हणायची, “सावकाश, टेबल मोडशील.” घरात ती बसल्या बसल्या, हातांवर अंग पेलत सगळीकडे जायची. चार भिंतींच्या आत. बाहेर नाही. ती लहान असताना एकदा माशेझी तिला दुकानाच्या पायरीशी ठेवून आत गेली, आणि पोर सरकत सरकत फुलपाखरामागे रस्त्यावर गेली. गल्लीतली मुलं ‘सरडा, सरडा’ म्हणून नाचायला लागली. ते तिने सोसलं असतं, मुलंच ती. पण माशेझी दुकानातून बाहेर आली तेव्हा कुणी एक अनोळखी बाई वाकून आझांदेच्या मांडीवर अर्धा पाव ठेवत होती. भिकाऱ्याचं पोर समजून. तोंडाने ‘देव भलं करो’ म्हणत होती. आझांदेने तो पाव आनंदाने खायला घेतला होता.

त्या दिवशी माशेझीने लेकीला पाठीवर बांधलं ते बांधलंच. माझी मुलगी लोकांसमोर जमिनीवरून जाणार नाही, एवढं तिने ठरवलं. कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही फारसं नाही. रोज सकाळी गाठ मारायची, एवढंच.

शनिवारी दुपारी गोगोने मागच्या खोलीत चटई टाकली. घरातल्या गेलेल्या माणसांशी बोलायचं ते याच कोपऱ्यात. एका झाकणात इम्पेफोच्या वाळक्या काड्या पेटवून तिने फुंकर घातली, धूर वर चढला, आणि ती नवऱ्याशी बोलू लागली. जेवायला बसलेल्या माणसाशी बोलावं तशी.

“गुमेदे, उठ जरा. झोपमोड केली, पण काम आहे. ही तुझी सून. काल हिचा पाय घसरला आणि पाठोपाठ जीभ घसरली. तू ऐकलंच असशील, पिनटाउनपर्यंत गेला आवाज. आता ती काय म्हणते बघ.” आणि सुनेकडे वळून, “बोल.”

माशेझी सोललेल्या गुडघ्यांवर बसली होती. काय बोलायचं ते तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. चुकले, पुन्हा होणार नाही.

“बाबा, चुकले. नाव घेतलं तुमचं. पुन्हा…”

धूर डोळ्यांत गेला. पुढचं वाक्य तिला आठवेना, आणि जे कधीच ठरवलं नव्हतं ते बाहेर आलं.

“बाबा, मला आता होत नाही.”

गोगोने मान वर केली.

“जड झाली ती. निम्म्यावर छाती फुटते माझी. तिला कळू नये म्हणून मी झाडाशी थांबून पक्षी बघते. बाबा, मी तिला पाठवणार नाही. अंथरुणात रात्री हाक मारली तर तिथे कोण उठेल? पाठवणार नाही, आणि मला होतही नाही. आता तुम्हीच सांगा काय करू.”

काड्या विझत आल्या.

“ऐकलंस ना?” गोगो झाकणाकडे बघत म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “आणि आता निघालंच आहे तर माझंही ऐक. बाजारातून उतरताना तुझं नाव मीही घेत होते. रोज. मनात घेत होते, एवढाच फरक. मोटारीसाठी चढ केलास, बायकोच्या गुडघ्यांचा विचार केला नाहीस. झालं. झोप आता. आम्ही बघतो आमचं.”

ती सुनेचा खांदा धरून उठली आणि उठल्यावरही हात लगेच काढला नाही.

मधल्या दाराला नुसता पडदा होता. पडद्यापलीकडे आझांदे गृहपाठ करत बसली होती. रात्री जेवताना तिने आंबवलेल्या दुधात मक्याच्या पिठाचा पुथू कालवला आणि काही न बोलता वाटी पुसून संपवली. एरवी जेवताना तिचं तोंड बंद करायला गोगोला चमचा आपटावा लागायचा.

रविवारी सकाळी गोगो म्हणाली, “माझे गुडघे दुखतायत. मी चर्चला येत नाही.”

माशेझी बघतच राहिली. गोगो ताप असतानाही चर्च चुकवत नसे. देवापेक्षा पाद्र्याच्या बायकोची टोपी बघायला तिला जायचं असायचं. पण ती खरोखरच घरातल्या चपलांत बसून राहिली, तेव्हा माशेझी लाल ब्लाउज घालून, पांढरी टोपी डोक्यावर बसवून एकटीच चढ चढली. पाठीवर काही नव्हतं तरी ती तिरकं तिरकंच चढली.

दुपारी परतली तर दोघी अंगणात उन्हात बसल्या होत्या, फार शहाण्या चेहऱ्याने. बादलीत आझांदेची जाड विजार भिजत होती.

“रविवारी कपडे कसले भिजवलेत?”

“चहा सांडला तिच्यावर,” गोगो म्हणाली.

“विजारीवर? मागच्या बाजूने?”

“हल्लीचा चहा कुठेही सांडतो.”

आझांदेच्या तळव्यांना मलमाचा वास येत होता. माशेझीला वाटलं, घरात कुठेतरी आपटली असेल. तिचं लक्ष तिथे नव्हतंच. उद्या म्लुंगिसीला काय सांगायचं, हे दिवसभर तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि दोन्ही उत्तरं सारखीच वाईट होती.

सोमवारी हॉर्न वाजला. माशेझी ब्लँकेट घेऊन बाहेर आली तेव्हा आझांदे अंगणात, चढाच्या पायथ्याशी, चढाकडे पाठ करून बसली होती. गणवेशावरून तिने ती जाड विजार चढवली होती आणि तिच्या बुडाला गोगोच्या जुन्या स्कर्टचं दुहेरी ठिगळ होतं. टाके वेडेवाकडे. हातांत बापाचे कोळशाच्या कामावरचे हातमोजे.

“हे काय सोंग? चल, ये पाठीवर.”

“मा, आज नको.”

“काय नको?”

“पाठ नको. मी जाते. मागे मागे सरकत. काल मी केलं, गोगोला विचार. झाडापर्यंत गेले, मग परत एकदा पार वरपर्यंत.”

माशेझीने गोगोकडे पाहिलं. गोगो मगात बघत होती.

“नाही,” माशेझी म्हणाली. “मुळीच नाही. रस्त्यावर सगळं जग उभं असतं यावेळी. जमिनीवरून जाणार माझी पोर? लोक काय बघतील!”

“तू पडलीस तेव्हा बघितलंच की त्यांनी.”

“आझांदे!”

“मा, मी ऐकलं. तू आजोबांना म्हणालीस, तुला होत नाही.” मुलीने ओठ दातांत धरला. “मला तिकडे राहायला जायचं नाही. मग कुणाला तरी चढावंच लागणार ना? आणि व्हॅनमध्ये मला सगळे बाळ म्हणतात. बाळ आलं, बाळ आलं. मी तुला कधी सांगितलं नाही.”

वर पुन्हा हॉर्न वाजला.

“मकोटी,” गोगो म्हणाली, “बाजूला हो. पोरीला उशीर होतोय.”

आझांदेने दोन्ही हात मागे टेकले, अंग उचललं आणि मागे सरकली. पुन्हा उचललं, पुन्हा सरकली. बुटांच्या टाचा सिमेंटवर खरवडत मागून येत होत्या. माशेझी दोन्ही हात पसरून तिच्या खालच्या बाजूने चढू लागली, रांगणाऱ्या पोरामागे जावं तशी.

“हात नको, मा.”

“मी कुठे लावतेय?”

“पसरलेत.”

तिने हात खाली घेतले. आता त्यांचं काय करायचं ते तिला कळेना. तिने ब्लँकेट पोटाशी धरलं.

इतकी वर्षं हा चढ चढताना लेकीचा श्वास तिने मानेवर ऐकला होता. चेहरा कधी दिसला नव्हता. आज तो समोर होता. कपाळावर घाम, नाकपुड्या फुललेल्या, जोर लावताना डावी भुवई वर जाणारी. थेट बेकानीची भुवई. ही भुवई हिच्याकडे कधीपासून आहे, माशेझीने स्वतःला विचारलं.

झाडाशी आझांदे थांबली. धापा टाकत तिने खोडाला डोकं टेकवलं.

“दमलीस?” माशेझीच्या तोंडून निघून गेलं.

“नाही. पक्षी बघतेय.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि आधी आझांदे हसली.

वरच्या रस्त्यावर टॅक्सीची वाट बघणारी माणसं कठड्याशी आली होती. तळलेले गोळे विकणारी बाई टोपली डोक्यावर तशीच ठेवून थांबली होती. माशेझीने मान वर केली नाही. कुणी ‘बिचारी’ म्हणालं तर वर जाऊन त्याचं काय करायचं, ते ती ठरवत होती.

“ए आझांदे,” टोपलीवाली ओरडली, “तुझी गोगो तुला खायला काय घालते गं, एवढा जोर?”

“शिव्या!” आझांदे मागे न बघता ओरडली.

कठड्यावरची माणसं मोठ्याने हसली. खालून गोगोचा आवाज आला, “संध्याकाळी ये घरी, दाखवते!” आणि माणसं आणखी हसली. मग टॅक्सी आली, निम्मे जण तिच्याकडे धावले. टोपलीवालीही हाक मारत पुढे गेली. बघण्यासारखं तेवढंच होतं.

म्लुंगिसीने हॉर्न वाजवला नाही. खुर्ची उतरवून, चाकांना दगड लावून तो कठड्यापाशी उभा राहिला. शेवटच्या टप्प्यावर आझांदेचे हात थरथरायला लागले तेव्हा माशेझीने स्वतःचेच कोपर घट्ट धरून ठेवले. लेक रस्त्याच्या कडेला टेकली. म्लुंगिसीने तिला उचलून खुर्चीत बसवलं. तिने हातमोजे काढून आईकडे दिले, विजार काढून दिली, गणवेश सारखा केला. व्हॅनच्या आतून कुणीतरी वैतागून म्हणालं, “किती उशीर! तुझ्यामुळे प्रार्थना चुकणार.”

“उद्या लवकर निघेन,” आझांदे म्हणाली.

म्लुंगिसीने दार लावलं आणि माशेझीजवळ आला. “मॅट्रनबाईंना काय सांगू?”

माशेझीने खाली पाहिलं. इथून घराचं नुसतं छप्पर दिसत होतं.

“सांगा, ती घरूनच येईल.” आणि तो वळल्यावर पुन्हा म्हणाली, “भुती, सकाळी हॉर्न जरा लवकर वाजवत जा.”

व्हॅन वळणाआड गेली. आझांदेने हात हलवला की नाही ते तिला दिसलं नाही. काचेवर ऊन होतं. ती उतरायला लागली. पाठीवर ओझं नव्हतं तरी ती पुढे वाकूनच चालत होती. लक्षात आल्यावर थांबली, ताठ झाली, आणि वारा थेट पाठीला लागला तशी अंगभर शहारली.

सिमेंटवर सगळीकडे दव होतं. फक्त मधोमध, रस्त्यापासून अंगणापर्यंत, एक रुंद पट्टा पुसला गेला होता. कुठे सरळ, कुठे वाकडा. झाडाशी पसरट.

खाली गोगो खराटा घेऊन उभी होती. “चढ झाडायचा राहिलाय. पानं पडलीयत.”

माशेझीने खराटा घेतला आणि वर जाऊन झाडत आली. आधी एका भिंतीच्या कडेने, मग दुसऱ्या. मधल्या पट्ट्याला तिने खराटा लावला नाही. त्यावर पाऊलही पडणार नाही अशी, कडेकडेने, ती खाली उतरली.